बाकावरचा मोकळा तास

दोहा, ५ नोव्हेंबर २०२४

रुचा,

मायना काय लिहावा यात पाऊण तास गेला, म्हणून शेवटी नुसतं नाव लिहून सुरुवात करते आहे. अक्षर माझंच आहे, शंका नको. हे पत्र तुला फोटो होऊन मिळेल. फोटो काढणारी हेलन. मूळची वसईची, इथे एका क्लिनिकमध्ये नर्स आहे आणि अल दुहैलच्या आमच्या कंपाउंडमध्ये दोन घरं सोडून राहते. माझं ब्लडप्रेशर बघायला म्हणून येते आणि चहा पिऊन जाते. मी स्वतःच मेसेज केला असता, पण सुशांतने माझं व्हॉट्सअॅप घरातल्या टॅबला जोडून ठेवलंय. मी काही लिहिलं की त्याची उर्वी ते मोठ्याने वाचून दाखवते. मराठी वाचता येत नाही म्हणते, पण नेमकं नको ते तिला वाचता येतं.

मी सप्टेंबरपासून सुशांतकडे, तुझ्या दादाकडे आहे, जानेवारीत सांगलीला परत जाईन. आता मुद्द्यावर येते. डिसेंबरच्या सुटीत सुशांत सगळ्यांना थीम पार्कला नेतोय. तीन दिवस, राहायचं हॉटेलही त्याच आवारात. मी आधी नाही म्हटलं होतं. एक तर गुडघे, आणि दुसरं म्हणजे पाळण्यात बसून किंचाळायची मला हौस नाही. मग परवा भाऊबीजेला जेवताना कळलं की पार्क अबुधाबीला आहे. तोंडात घास होता, तो गिळला आणि म्हटलं, येते मी.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे म्हटलं, आखणीही मीच करते. तुझ्या वहिनीने सुटकेचा निःश्वास सोडला. तिला ऑफिसातून यायलाच सहा वाजतात.

तुला आठवत असेल, शाळेचं वेळापत्रक अठ्ठावीस वर्षं मी केलं. तेवीस तुकड्या, एकतीस शिक्षक. एखाद्याला नेमका मोकळा तास हवा असेल, तर बाकी तीस जणांना अशा वर्गांवर अडकवायचं की कुणाला संशय येता कामा नये. हे काम मला जमतं. मंगळवार, २४ डिसेंबर, सकाळी अकरा वीस ते बारा दहा. या वेळात सुशांत, वहिनी आणि उर्वी मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगेत असतील आणि मी बाहेर बाकावर एकटी असेन. तू त्याच शहरात राहतेस. मुलीला घेऊन ये.

मात्र एक अट आहे. मी एकटी असले तरच जवळ ये. माझ्याबरोबर कुणीही असलं, अगदी उर्वी असली तरी, थांबू नकोस, ओळख दाखवू नकोस, सरळ पुढे निघून जा. तुझ्या दादाचा राग तुला ठाऊक आहे. भाऊबीजेला उर्वीनेच त्याला ओवाळलं आणि विचारलं, "बाबा, डोन्ट यू हॅव अ सिस्टर?" तो ताटातलं तसंच टाकून उठला.

आई

दोहा, १६ नोव्हेंबर

रुचा,

तुझं उत्तर नवव्या दिवशी आलं. हेलनने फोन माझ्यापुढे धरला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, एवढी सभ्य बाई आहे. एकच ओळ होती. "जन्नत पाच वर्षांची आहे. तिला तू कोण म्हणून सांगू?"

सांग, ओळखीच्या एक बाई. लहान मुलं सगळं बोलून टाकतात गं. पुढेमागे कुठे बोलली तर निस्तरायला जड जाईल.

हे लिहून मी पेन खाली ठेवलं आणि थोडा वेळ फिरून आले. पण दुसरं काही सुचलं नाही, म्हणून तसंच ठेवते.

आखणीत एक अडचण आली आहे. त्या रोलर कोस्टरला एकशे वीस सेंटिमीटर उंची लागते. आपली उर्वी एकशे साडेअठरा. सुशांतने स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघा मारून ठेवल्यात, दर वाढदिवसाला एक. भाड्याचं घर आहे, पुसायला लागेल, असं तुझी वहिनी कुरकुरते, पण तो ऐकत नाही. उर्वीला आत सोडलं नाही तर ती माझ्याशेजारी बाकावर बसणार, आणि मग सगळंच मुसळ केरात.

म्हणून तिला वाढवायला घेतली आहे. सकाळ-संध्याकाळ दूध. शाळेतून आली की कंपाउंडच्या बागेतल्या दांडीला दोन मिनिटं लटकायचं. ती म्हणते, "आजी, यू आर सो स्ट्रिक्ट," आणि लटकते. तिला वाटतं आजी आपल्यासाठी करते आहे. काल लटकून खाली उतरली, माझ्या कमरेला मिठी मारली आणि म्हणाली, तू पण चल ना वर माझ्याबरोबर. मला तिच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

जन्नत केवढी झाली आहे? उंची विचारते आहे. फोटो पाठवू नकोस, हेलनच्या फोनवर आधी बघायचा नाही मला.

आई

दोहा, २९ नोव्हेंबर

रुचा,

पार्कच्या अॅपवर प्रत्येक पाळण्यापुढे किती मिनिटं थांबावं लागेल ते दिसतं. उर्वीच्या जुन्या वहीत मी रोज अकराला ते टिपून ठेवते. रविवारी पन्नास, सोमवारी चाळीस, मंगळवारी पंचेचाळीस. सुट्या लागल्या की साठाच्या वर जाईल. वहिनी म्हणते, "आई, तुम्ही तर आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरपेक्षा भारी." सुशांत नुसता हसतो. मी प्रवासाला एवढी उत्साहाने तयार झाले म्हणून तो खूश आहे. काल ऑफिसातून येताना माझ्यासाठी मऊ तळव्यांच्या चपला घेऊन आला. आईला फार चालावं लागेल म्हणाला.

बाकही शोधून ठेवलाय. उर्वी यूट्यूबवर लोकांचे व्हिडिओ बघते, त्यातल्या एकात दिसला. पॉपकॉर्नच्या गाडीच्या डाव्या हाताला, निळा, तिघांना पुरेल एवढा. समोरून मुख्य रस्ता जातो. तू कमानीकडून आलीस तर मी तुला लांबूनच दिसेन. अबोली रंगाची साडी नेसणार आहे.

तुझं दुसरं पत्र मोठं होतं. हेलनने ते तिच्या मोबाइलवर मला दोनदा वाचू दिलं. तुझा उमैर चांगला आहे, हे वाचून बरं वाटलं. तो तुमच्या घरी रत्नागिरीची मराठी बोलतो आणि जन्नत ती उचलते, हे वाचून तर हसूच आलं. जन्नत शंभरला दोन-तीन कमी आहे, म्हणजे साधारण माझ्या कमरेइतकी. एवढं कळलं तरी पुष्कळ.

शेवटी तू विचारलं आहेस, "दादा माझ्यावर एवढा का चिडलाय? लग्नाच्या वेळी तर तोच माझ्या बाजूने बोलला होता, आणि बाबांच्या वेळी मी तू सांगितलंस तसंच केलं."

त्याबद्दल भेटल्यावर बोलू. पन्नास मिनिटं आहेत, सगळं मावेल.

हेलनने हे शेवटचं वाक्य वाचलं आणि म्हणाली, "काकी, मी फोटो काढते, पाठवते, माझं काय जात नाय. पण तुम्ही पोरीला उत्तर नाय दिलं." मी म्हटलं, तू ब्लडप्रेशर बघ. तिने बघितलं. बरंच वाढलेलं निघालं.

आई

दोहा, १२ डिसेंबर

रुचा,

तू परत तेच विचारलं आहेस, आणि या वेळी लिहिलं आहेस की उत्तर मिळालं नाही तर मी येणार नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही असंच लिहिलं असतं. तेव्हा ऐक.

फेब्रुवारी २०१९. बाबा दवाखान्यात होते. तुझा फोन आला, तू स्वारगेटला सांगलीच्या गाडीत बसली होतीस. खोलीत तुझे काका, दोन्ही आत्या, शेजारचे, सगळे जमले होते. तुझ्या लग्नाला आठ महिने झाले होते आणि त्यांच्यातलं कुणीच अजून माझ्याशी धड बोलत नव्हतं. मी बाहेर व्हरांड्यात येऊन तुला सांगितलं, उतर गाडीतून. सध्या सगळे आहेत, तमाशा होईल, बाबांना सोसायचं नाही. पांगापांग झाली की मी बोलावते. तू "बरं" म्हणालीस आणि उतरलीस. तू दोन जिवांची होतीस हे मला नंतर कळलं.

बाबा दोन दिवसांनी गेले. त्या दोन दिवसांत त्यांनी मला दोनदा विचारलं, रुची निघाली का. मी म्हटलं, निघाली आहे, वाटेत आहे.

इथपर्यंतचं तुला निदान अर्धं ठाऊक होतं. पुढचं नाही. सुशांत दोह्याहून पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. बॅग खांद्यावरून न उतरवता त्याने सगळ्यांसमोर विचारलं, रुचा कुठे आहे, तिला कळवलं नव्हतं का? आणि मी म्हटलं, कळवलं होतं. जमणार नाही म्हणाली.

का म्हटलं, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. तुझे काका माझ्याकडे बघत होते. पोरीला बापाच्या शेवटच्या वेळी आईनेच अडवलं, हे त्यांच्यासमोर तोंडातून निघेना. वाटलं, चार दिवसांनी सुशांतला एकट्याला खरं सांगू. चार दिवसांनी तो तुझा फोन नंबर काढून टाकून बसला होता. मग महिना गेला, मग वर्ष. प्रत्येक वर्षी ते सांगणं आणखी जड होत गेलं. तुझ्या दादाचा राग मुळात त्याचा नाहीच. तो मी त्याच्या हातात दिला आणि पावणेसहा वर्षं तो इमानाने सांभाळतोय.

आता कळलं ना, तुम्ही दोघं समोरासमोर का यायला नकोत? तुमचं पाचच मिनिटं बोलणं झालं तरी सगळं उघडं पडेल. या वयात मुलगाही गमवायची हिंमत माझ्यात नाही. मला तुला बघायचंय, नातीला बघायचंय आणि त्याच्या घरात परतही जायचंय. हा स्वार्थ आहे. तो लपवण्यात आता अर्थ नाही.

येऊ नकोस म्हणालीस तरी मी बाकावर बसेन. एवढंच.

आई

(हेलनने हे वाचून विचारलं, "काकी, नक्की फोटो काढू?" मी हो म्हटलं. मग ती माझ्याशेजारी बसून राहिली, नेहमीचा चहा न मागता.)

दोहा, २० डिसेंबर

रुचा,

"येईन. जन्नतला घेऊन. तुझी अट लक्षात आहे." एवढंच लिहिलंस. रागावली आहेस का, ते त्यातून कळलं नाही. पूर्वीही तुझं "बरं" असंच असायचं.

उर्वी एकशे एकोणीस. सूक वाकिफ बाजाराजवळच्या एका दुकानातून तिला जाड तळव्यांचे बूट आणले, ते घालून एकशे एकवीस भरते. वर मी तिचा अंबाडाही घालणार होते, पण ती म्हणाली, "आजी, दॅट्स चीटिंग." अजून सातवं सरलं नाही तिचं, पण खरंखोटं तिला बरोबर कळतं.

वेळापत्रक कायम. अकरा वीस. निळा बाक. जन्नतसाठी रव्याचे लाडू केलेत, बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत म्हणतात, पण औषधांच्या डबीत दोन मावतात.

आई

दोहा, २८ डिसेंबर

चि. रुचास,

तू पाहिलंस तेवढं तुला ठाऊक आहे. माझ्या बाजूने काय झालं ते लिहिते.

सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललं होतं. अकरा पंधराला आम्ही रोलर कोस्टरपाशी. उर्वी त्या उंचीच्या फळीला पाठ लावून उभी राहिली, तिथल्या मुलाने तिच्या डोक्यावर हात आडवा धरला आणि तिला आत सोडलं. ती एवढी उड्या मारत होती की मीही क्षणभर नुसती तिची आजी झाले. मी म्हटलं, जा तुम्ही तिघं, मी बसते इथे.

सुशांत म्हणाला, "तुम्ही दोघी जा. आई एकटी कशाला बसेल तासभर?"

मी म्हटलं, अरे, जा तू. मला सवय आहे. तुझे पैसे भरलेत. माझी काळजी नको. जेवढं सुचलं तेवढं सगळं म्हटलं. तो म्हणाला, "गेले तीन महिने बघतोय, ऑफिस आणि घर. तुझ्याजवळ धड बसलोच नाही मी." आणि बाकावर माझ्याशेजारी बसला. मला पॉपकॉर्न आणून दिलं. वेळापत्रकात मी रांग धरली होती, गर्दी धरली होती, उर्वीची उंची धरली होती. माझ्या मुलाला माझ्याजवळ बसावंसं वाटेल, हे मी धरलंच नव्हतं.

अकरा पंचवीसला तू कमानीतून आलीस. अंगाने जरा भरली आहेस. जन्नत पिवळ्या फ्रॉकमध्ये, एक मोजा खाली आलेला. मी तुझ्याकडे बघितलं आणि तू माझ्या शेजारी बघितलंस. तुझी चाल किंचित मंद झाली आणि परत होती तशी झाली. तू आमच्यासमोरून गेलीस, चार हातांवरून, मान सरळ ठेवून. जन्नतने मात्र माझ्याकडे बघितलं. ओळखीच्या बाईकडे बघावं तसं नाही, कुणाही बाईकडे बघावं तसं.

सुशांतचा हात पॉपकॉर्नच्या डब्यात थांबला होता. तू पुढे गेलीस तरी तो तिकडेच बघत राहिला. मग हळू म्हणाला, "बघितलंस ना आई? आपल्याला बघून पुढे गेली. ओळखसुद्धा दाखवली नाही. बाबांच्या वेळी तेच आणि आजही तेच."

रुचा, मला गप्प बसता आलं असतं. मला काहीच करावं लागणार नव्हतं. माझं खोटं त्याच्यासमोरून पिवळ्या फ्रॉकचा हात धरून खरं होऊन चाललं होतं. आणि तू सगळं माहीत असूनही मला सांभाळून घेत चालली होतीस, तशीच, गाडीतून उतरल्यासारखी.

मी म्हटलं, "तिला मी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतंस?"

"येऊ नको म्हणून."

"कधी?"

"दोन्ही वेळेला."

त्याला ते पोचायला किती वेळ लागला सांगता येत नाही. त्याने डबा बाकावर ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. उठला, आधी चालत गेला आणि मग पळायला लागला. एवढा मोठा माणूस त्या गर्दीत "रुची, रुची" करत पळत होता आणि लोक बाजूला होत होते.

मी बाकावर बसून राहिले. एकटी. अकरा एकतीसपासून बारा दहापर्यंत, अगदी वेळापत्रकाप्रमाणे.

वहिनी आणि उर्वी बाहेर आल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, सुशांतला कुणी ओळखीचं भेटलंय. हे माझं शेवटचं खोटं. संध्याकाळी हॉटेलवर मी वहिनीला स्वतःहून सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, तुम्ही गोळी घेतलीत का?" सुशांत पाऊण वाजता परत आला होता. डोळे लाल होते. "चला जेवायला," एवढंच म्हणाला, तेही उर्वीकडे बघून. तुम्ही दोघं काय बोललात, कुठे बसलात, तू रडलीस का, मला काही ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही. तुम्ही माघारी माझ्याकडे आला नाहीत, याबद्दल माझी तक्रार नाही. तो तास तुमचाच होता. लाडू तसेच राहिले.

घरी येऊन तीन दिवस झाले. तो माझ्याशी बोलत नाही. चहा झालाय, गाडी आलीय, एवढं वहिनीकरवी सांगतो. मऊ चपला मात्र त्यानेच उचलून दाराशी नीट लावून ठेवल्या होत्या. जानेवारीतलं माझं तिकीट बदलायचं का, हे मी विचारलं नाही, त्यानेही नाही.

हे पत्र हेलनकडे दिलेलं नाही. उजाडलं की मी ते घडी न घालता जेवणाच्या टेबलावर ठेवणार आहे आणि त्याला सांगणार आहे, हे तुझ्या बहिणीला पाठव, आधी तू वाच. म्हणजे हे तुला मिळालं तर त्याने पाठवलं, असं समज.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. जन्नतला सांग, निळ्या बाकावर बसलेली ती तुझी आजी.

आणि एक. आत्ता पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले होते. दाराच्या चौकटीवर उर्वीच्या रेघांच्या खाली, बरीच खाली, एक नवी रेघ दिसली. शेजारी सुशांतच्या अक्षरात जन्नत. मोजपट्टी काही त्याने तिथे नेली नव्हती, तेव्हा त्या दिवशी ती त्याच्याजवळ उभी राहिली असणार, आणि तिचं डोकं त्याच्या अंगाला कुठे लागलं ते त्याने लक्षात ठेवून आणलं. मी त्या रेघेवर हात आडवा धरून बघितला. तू म्हणाली होतीस तेवढीच आहे, माझ्या कमरेइतकी.

तुझी,
आई